आडनावाचा माग

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसच्या कडेला, जनपथाच्या तोंडाशी 'सिंदिया हाऊस' हे नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी असते. कोणी तेथे बसमधून उतरतो, कोणी मित्राला भेटायला तेथे बोलावतो. या नावात सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या एका घराण्याचे आडनाव दडलेले आहे, हे त्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात येते. कण्हेरखेडचे शिंदे अठराव्या शतकात उत्तरेत गेले. तेथल्या लोकांच्या जिभेवर आणि इंग्रजांच्या कागदांवर 'शिंदे'चे 'सिंदिया', 'सिंधिया' झाले. घराणे तेच राहिले; नावाचा पोशाख मात्र बदलला.

त्याच जनपथाने दक्षिणेकडे दीड-दोन किलोमीटर चालत गेले, की भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची भव्य इमारत लागते. जुन्या सरकारी कागदांचे हे देशातले सर्वांत मोठे भांडार. १८९१ मध्ये कोलकात्यात या संस्थेचा आरंभ झाला आणि राजधानी हलल्यानंतर ती दिल्लीत आली. तिची आजची इमारत १९२६ मध्ये उभी राहिली. आपले आडनाव कोठून आले, आपले पूर्वज कोण होते, याचा शोध घेण्यासाठीही अनेक जण अशा भांडारांचे दार ठोठावतात.

दिल्लीत, नोएडात किंवा गाझियाबादेत दोन-तीन पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबात हा प्रश्न अनेकदा एखादे मूल विचारते. शाळेत त्याच्या आडनावाचा उच्चार कोणालाच नीट जमत नाही. घरी येऊन ते विचारते, "आपलं आडनाव असं का?" आईवडील एका गावाचे नाव सांगतात; पण त्या गावी ते स्वतःही कधी गेलेले नसतात. आजोबा असते तर त्यांनी सांगितले असते, असे म्हणून तो विषय तेथेच थांबतो. माणसाला नाव त्याच्या जन्मानंतर मिळते. आडनाव मात्र त्याच्या आधीच घरात येऊन बसलेले असते. म्हणूनच त्याची हकिकत विचारायची राहून जाते.

अशी हकिकत शोधताना काय काय हाती लागते, हे पाहायला दिल्लीच्याच परिसरातील एक काळ उपयोगी पडतो. तो काळ म्हणजे पानिपतच्या मोहिमेचा. १७६० च्या ऑगस्ट महिन्यात सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने दिल्ली घेतली. शहराची व्यवस्था नारो शंकर यांच्याकडे सोपवून भाऊ पुढे कुंजपुऱ्याकडे आणि मग पानिपताकडे गेले. त्यांच्याबरोबरच्या सरदारांत विठ्ठल शिवदेव होते. यमुनेच्या पलीकडे, गंगा आणि यमुना यांच्यामधल्या मुलखात वयोवृद्ध गोविंद बल्लाळ सैन्यासाठी धान्य आणि पैसा जमवत होते. डिसेंबर १७६० मध्ये अब्दालीच्या बाजूच्या घोडदळाने गाझियाबादजवळ त्यांच्यावर अचानक छापा घातला आणि त्यात ते मारले गेले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. विठ्ठल शिवदेव रणातून निसटले. नारो शंकरांना दिल्ली सोडावी लागली.

या तिघांची आडनावे कोणती? इतिहासाचे पुस्तक उघडणाऱ्याला नारोशंकर राजेबहाद्दर, विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि गोविंदपंत बुंदेले अशी नावे भेटतात. तीन आडनावे, म्हणजे तीन निरनिराळी घराणी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण थोडे खोलात गेले, की चित्र बदलते. नारो शंकर आणि विठ्ठल शिवदेव या दोघांचेही मूळ आडनाव एकच होते. ते म्हणजे दाणी. नारो शंकरांना मिळालेला 'राजेबहाद्दर' हा किताब पुढे त्यांच्या वंशाचे आडनाव झाला. विठ्ठल शिवदेवांना नाशिककडील विंचूर हे गाव जहागीर मिळाले आणि त्यांचे घराणे विंचूरकर झाले. गोविंदपंत हे मूळचे रत्नागिरीकडील नेवरे गावचे खेर. बुंदेलखंडातील कारभारामुळे लोक त्यांना बुंदेले म्हणू लागले. एकाच्या आडनावामागे किताब, दुसऱ्याच्या मागे जहागिरीचे गाव, तर तिसऱ्याच्या मागे नोकरीचा मुलूख आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आणि त्याची मोठी घंटा प्रसिद्ध आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला 'नारोशंकराची घंटा' म्हणतात. घंटा म्हणींत जाऊन बसली, देवळाला नाव राहिले. पण 'दाणी' हे आडनाव मात्र सर्वसामान्यांच्या स्मरणातून गेले.

अशी कितीतरी मराठी आडनावे एके काळी कामाची किंवा अधिकाराची नावे होती. चिटणीस, सबनीस, पोतनीस, कारखानीस, मुजुमदार ही दरबारातील आणि कचेरीतील पदे. फारसी पत्रव्यवहार पाहणारा तो पारसनीस. हिशेब ठेवणारा फडणीस. पानिपतावरून जीव वाचवून परतलेले आणि पुढे पेशवाईचा कारभार सांभाळणारे नाना फडणवीस हे मूळचे भानू. गावचा हिशेब लिहिणारा कुलकर्णी, गावाचा प्रमुख पाटील, परगण्याचा अधिकारी देशमुख. पद गेले, वतन गेले, कचेरीही गेली. पण कामाचे नाव घरात राहून गेले.

मग या माणसांची मूळ पत्रे पाहिली, तर त्यांत हा सारा इतिहास स्पष्ट लिहिलेला असेल, असे कोणालाही वाटेल. येथेच शोध घेणाऱ्याला पहिला धक्का बसतो. अठराव्या शतकातील मराठी पत्रांत पुष्कळदा आडनाव नसतेच. 'राजश्री अमुक गोसावी यांसी' अशी सुरुवात, मग नमस्कार, 'विनंती उपरी' म्हणून मजकूर आणि शेवटी 'बहुत काय लिहिणे' अशी ही पत्रे असतात. त्यांत माणसाची ओळख दोन नावांनी होते: स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव. नारो शंकर म्हणजे शंकरचा मुलगा नारो. विठ्ठल शिवदेव म्हणजे शिवदेवाचा मुलगा विठ्ठल. त्यामुळे जो केवळ आडनाव शोधतो, तो या कागदांपुढून रिकाम्या हाताने परत येतो. जो बापाचे नाव शोधतो, त्याला वाट सापडते.

पेशव्यांचेच उदाहरण घ्यावे. बाळाजी विश्वनाथ, बाजीराव बल्लाळ, बाळाजी बाजीराव, माधवराव बल्लाळ ही नावे एकाखाली एक लिहिली, तर प्रत्येक नावाचा दुसरा भाग आधीच्या नावाच्या पहिल्या भागाला जोडलेला दिसतो. 'बल्लाळ' हे 'बाळाजी' याच नावाचे दुसरे रूप. या चौघांच्या नावात त्यांचे आडनाव, म्हणजे भट, कोठेही आलेले नाही. तरीही चार पिढ्यांची साखळी पूर्ण होते. मात्र सावधही राहावे लागते. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत असल्यामुळे एकाच घरात दोन बाळाजी होतात. एकाची हकिकत दुसऱ्याच्या नावावर जमा व्हायला वेळ लागत नाही.

दिल्लीतील हिंगणे घराण्याची पत्रे याच दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. त्या वेळेपासून महादेवभट हिंगणे आणि त्यांच्यानंतर त्यांचे मुलगे मराठ्यांचे वकील म्हणून बादशाही दरबारात वावरले. बापूजी महादेव, दामोदर महादेव, पुरुषोत्तम महादेव, देवराव महादेव ही नावे वाचताच ती चौघे भाऊ असावेत, असा तर्क करता येतो. आडनाव न लिहिताही घराणे ओळखू येते. दिल्लीत कोण वजीर झाला, कोणाची फौज कोठे आहे, याच्या बातम्या ते दक्षिणेत पाठवीत. त्या बातम्यांनी राज्याचा कारभार चाले. आणि आज त्याच पत्रांवरून त्या घराचा इतिहास उभा राहतो.

ही पत्रे आपोआप टिकली नाहीत. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरातील पेटीत, कोणाच्या वाड्याच्या अंधाऱ्या खोलीत ती पडून होती. कापडात बांधलेल्या अशा गठ्ठ्याला रुमाल म्हणत. वाळवी, पाऊस आणि घरच्यांची उदासीनता हे त्यांचे तीन शत्रू. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून असे कागद मिळवीत. १८९८ मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत, म्हणजे पानिपतापर्यंतची. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. हिंगण्यांचे दप्तर नाशिक जिल्ह्यातील चांदोरी येथे होते. गणेश हरी खरे यांनी त्यातील पत्रांचे संपादन केले आणि मंडळाने ती १९४० च्या दशकात प्रसिद्ध केली. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. दिल्लीत लिहिलेली पत्रे चांदोरीला आणि पुण्याला जपली गेली. म्हणून दिल्लीतील पूर्वजाचा शोध पुष्कळदा पुण्यात किंवा नाशिककडे जाऊन संपतो.

मूळ कागद हाती आला, तरी तो लगेच बोलत नाही. तो मोडी लिपीत असतो. मोडीत शब्द सुटे न लिहिता एका ओळीत जोडून लिहिलेले असतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. दोन अनोळखी शब्दांच्या मध्ये आलेले नाव कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हेच आधी ठरवावे लागते. तारखेचीही अडचण असते. पत्रावर पुष्कळदा शुहूर सनाचे वर्ष अरबी शब्दांत लिहिलेले असते. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हा सन मृगाच्या आरंभी बदलतो. म्हणून जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या पत्राला त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मेपर्यंतच्या पत्राला ६००. म्हणजे ११६१ हे पानिपतचे वर्ष, १७६०-६१. एवढे गणित चुकले, तरी मुलगा बापाच्या आधी जन्मलेला दिसू लागतो!

गावांची नावेही बदललेली असतात. आजचे गाझियाबाद त्या काळी गाजीउद्दीननगर होते. १८०३ मध्ये यमुनेच्या पूर्वेस पटपडगंजजवळ झालेल्या लढाईनंतर दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली आणि सरकारी कागदांत हळूहळू इंग्रजी शिरली. मराठी आडनावे आता ज्याला जशी ऐकू आली तशी रोमन लिपीत उतरू लागली. एकच आडनाव दोन कागदांत दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. अभिलेखागाराच्या सूचीत ते एका रूपात मिळाले नाही, म्हणून निराश होऊन चालत नाही. ते आणखी चार रूपांत शोधावे लागते. आता राष्ट्रीय अभिलेखागाराने 'अभिलेख पटल' या नावाने पुष्कळ कागद संगणकावर पाहण्यासाठी खुले केले आहेत. त्यामुळे दिल्लीला जाण्याचे श्रम वाचतात. पण निरनिराळी रूपे धुंडाळण्याचे वाचत नाहीत.

एवढे कष्ट घेऊन एखादे नाव सापडले, की मन लगेच नाते जोडू पाहते. येथेच खऱ्या शोधाची परीक्षा असते. आडनाव एक म्हणून कूळ एक, असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रात गावागणिक कुलकर्णी होते आणि गावागणिक पाटील होते. ते सारे एकमेकांचे नातलग नव्हेत. जाधव, पवार, मोरे, गायकवाड, शिंदे ही आडनावे अनेक जातींत आढळतात. उलट, विंचूरकर आणि राजेबहाद्दर ही नावे ऐकून त्यांच्या मुळाशी एकच आडनाव असेल, हे कोणाच्या मनातही येणार नाही.

पानिपत आणि कर्नालच्या भागात राहणाऱ्या रोड समाजातील अनेक लोक आपले नाते पानिपतावर लढलेल्या मराठ्यांशी सांगतात. दर वर्षी १४ जानेवारीला पानिपतजवळ काला आंब या ठिकाणी जमून ते त्या वीरांना आदरांजली वाहतात. या परंपरेच्या कागदोपत्री पुराव्याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. इतिहासाचा विद्यार्थी तेथे पुरावा मागेल, आणि ते योग्यच आहे. पण रणातून पळालेला, नाव लपवून परक्या मुलखात राहिलेला सामान्य शिपाई कोणत्या दप्तरात आपले आडनाव लिहून ठेवणार होता, हाही प्रश्न विचारावाच लागतो. पत्रे सरदारांनी लिहिली, वकिलांनी लिहिली, कारकुनांनी लिहिली. घोड्यांना चारा घालणारे, तोफा ओढणारे, सैन्याबरोबर गेलेल्या स्त्रिया यांची नावे त्यांत क्वचितच येतात. दप्तरात नाव नाही, याचा अर्थ माणूस नव्हता असा होत नाही. कोणी त्याचे नाव लिहून ठेवले नाही, एवढाच होतो.

या दृष्टीने आणखी एक कागद पाहण्यासारखा आहे. तो कोणत्याही राजाच्या दप्तरातला नाही. साताऱ्याच्या एका शाळेतला आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेत एका मुलाने प्रवेश घेतला. शाळेच्या नोंदवहीत त्याचे नाव भिवा रामजी आंबेडकर असे आहे. त्याच्या वडिलांचे आडनाव सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. त्यावरून आंबडवेकर हे आडनाव आले. आपल्यावर माया करणाऱ्या आंबेडकर नावाच्या शिक्षकांनी आपले आडनाव हजेरीपटात बदलले, अशी आठवण पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सांगितली आहे. सकपाळ, आंबडवेकर आणि आंबेडकर, एवढा प्रवास एका पिढीत झाला. ज्या समाजातील मुलांना वर्गात वेगळे बसवले जात होते, त्या समाजातील एका मुलाचे नाव त्या दिवशी शाळेच्या वहीत लिहिले गेले. ती वही जपून ठेवलेली आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

या प्रवासाचे शेवटचे ठिकाणही दिल्लीत आहे. अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या घरात ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. तेथे आता त्यांचे राष्ट्रीय स्मारक आहे. आंबडव्यासारख्या कोकणातील लहान गावाचे नाव, थोड्या बदललेल्या रूपात, आज देशभर उच्चारले जाते. हे आडनाव कोणत्या बादशहाने किताब म्हणून दिले नाही आणि ते जहागिरीबरोबरही आले नाही. ते एका गावातून निघाले, एका शाळेच्या वहीत उतरले आणि ते धारण करणाऱ्याच्या कर्तृत्वाने मोठे झाले.

म्हणून आपल्या आडनावाचा शोध घेणाऱ्याने केवळ मोठ्या माणसांच्या पत्रांत पाहू नये. शाळेचा जुना दाखला, जन्माची नोंद, सात-बाराचा उतारा, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्या, आजीच्या ट्रंकेत राहिलेले एखादे पोस्टकार्ड हीही अभिलेखागारेच आहेत. त्यांत आईचे माहेरचे आडनावही शोधावे. कारण लग्नानंतर ते सर्वांत आधी पुसले जाते. घरातील वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांना विचारावे आणि ती जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवावे. सापडलेली गोष्ट अभिमानाची असेल किंवा नसेल; ती खरी असावी, एवढेच पाहावे.

शाळेतून परतलेले ते मूल दिल्लीतल्या घरात आपल्या आडनावाविषयी विचारते, तेव्हा त्याला थोर पूर्वज हवा असतो असे नाही. आपण कोठून आलो, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. उत्तर ठाऊक नसेल, तर तसे सांगण्यात कमीपणा नाही. एखादी कोरी वही घ्यावी, तिच्या पहिल्या पानावर स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव आणि गावाचे नाव लिहावे आणि शोधाला तेथून आरंभ करावा. शंभर वर्षांनी कोणी या घराचा माग काढू लागला, तर निदान तेवढे पान त्याच्या हाती लागेल.